एएफएलमधले छोटे क्लब, पैसा आणि फिक्स्चर: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नला येऊन १४ वर्षं झाली, राहतो शहराच्या पश्चिमेला, त्यामुळे घरात सगळेच वेस्टर्न बुलडॉग्जचे. नवीन आलेली आपली मंडळी गणपतीत भेटली किंवा शनिवारी सकाळी पोरांना ऑसकिकला (लहान पोरांच्या फुटीच्या वर्गाला) सोडायला आली की फुटीबद्दल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलबद्दल आणि त्याच्या लीगबद्दल, एएफएलबद्दल, बोलणं निघतं, आणि थोड्या वेळाने गाडी हमखास इथेच येते, की अमुक क्लब कायम टीव्हीवर आणि तमुक कधीच का नाही, आणि हे गरीब क्लब मुळात गरीब का. दर वेळी तेच सांगून होतं म्हणून एकदा नीट लिहून काढलंय. खेळाचे नियम इथे मिळणार नाहीत, फक्त पैसा आणि वेळापत्रक, ज्याला इथे फिक्स्चर म्हणतात.

छोटा क्लब म्हणजे नक्की कोणता? टीम वाईट म्हणून छोटा का?

नाही, टीमचा काही संबंध नाही. आधी थोडं मागचं सांगतो. ही लीग १८९७ ला ८ क्लब घेऊन व्हीएफएल नावाने सुरू झाली, १९९० ला तिचं एएफएल झालं, आता १८ क्लब आहेत आणि त्यातले १० एकट्या व्हिक्टोरियात, म्हणजे ९ मेलबर्नमधे आणि एक जिलाँग. एका शहरात ९ क्लब म्हटल्यावर प्रेक्षक, स्पॉन्सर, टीव्हीची वेळ सगळ्यातच वाटेकरी आले. त्यात कॉलिंगवूड, एसेंडन, कार्लटन, रिचमंड यांच्यामागे पिढ्यानपिढ्या माणसं आहेत, आजोबा कॉलिंगवूड म्हणून नातू कॉलिंगवूड. फुटस्क्रे (आताचे बुलडॉग्ज) आणि नॉर्थ मेलबर्न लीगमधे आले ते १९२५ ला, तोपर्यंत शहरातली निम्मी घरं वाटून झाली होती.

पण नुसतं उशिरा आल्यामुळे हे झालं असंही नाही. हॉथॉर्न पण १९२५ लाच आला आणि १३ प्रीमियरशिप (म्हणजे सीझनचं विजेतेपद) जिंकून मोठा झाला. उलट सेंट किल्डा पहिल्या ८ मधला, आणि त्याच्याकडे आजवर एकच प्रीमियरशिप, १९६६ ची, ती पण एका पॉइंटने. साधारणपणे छोटे क्लब म्हटलं की नॉर्थ मेलबर्न, सेंट किल्डा आणि बुलडॉग्ज ही तीन नावं येतात. गोल्ड कोस्ट आणि जीडब्ल्यूएसला (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) एएफएलकडून भरपूर पैसा लागतो पण ते क्लब एएफएलनेच २०११ आणि २०१२ ला नव्या भागात खेळ न्यायला उभे केलेत, त्यांची गोष्ट वेगळी.

क्लबला मालक असेल ना, तो पैसे नाही टाकत?

आयपीएलची सवय असल्यामुळे हा प्रश्न सगळेच विचारतात. इथे व्हिक्टोरियातल्या क्लबला मालक नसतो, क्लब मेंबरांचा असतो, मेंबर बोर्ड निवडून देतात आणि नफा कोणाच्या घरी जात नाही. ऐकायला छान वाटतं आणि आहेच छान, पण तंगी आली की वरून पैसे ओतणारा कोणी शेठ नसतो हे पण त्याच्यासोबत येतं. मेंबरशिप, स्पॉन्सर, मॅचच्या दिवसाची कमाई आणि एएफएलकडून येणारा वाटा, चूल पेटते ती यावर.

सगळे सगळ्यांशी सारख्या मॅच खेळत नाहीत का?

नाही, आणि घोळ इथूनच सुरू होतो. १८ क्लब म्हणजे तुम्हाला १७ प्रतिस्पर्धी. प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक म्हटलं तर ३४ मॅच होतील, आणि या खेळात माणूस दोन तास पळून, धडका खाऊन सहा-सात दिवस अंग धरून बसतो, ३४ कोणाच्याच शरीराला झेपणार नाहीत. म्हणून २३ मॅच खेळतात (२०२२ पर्यंत २२ होत्या, मग अ‍ॅडलेडला गॅदर राउंड, म्हणजे सगळे क्लब तिथेच जाऊन खेळतात तो आठवडा, सुरू झाला आणि एक वाढली). १७ जणांशी एकदा, आणि त्यातल्या ६ जणांशी परत एकदा.

ते ६ कोण हे ठरतं कसं, तर मागच्या सीझनच्या लॅडरचे (गुणतक्त्याचे) तीन तुकडे करतात, वरचे ६, मधले ६, खालचे ६, आणि वरच्यांना दुसऱ्यांदा जास्त करून वरचेच देतात. विचार बरा आहे. पण पर्थच्या दोघांना आपसात दोनदा खेळायचंच असतं, अ‍ॅडलेडच्या दोघांना तसंच, सिडनीत तसंच, क्वीन्सलँडमधे तसंच, कारण त्या मॅचला स्टेडियम भरतं. मेलबर्नच्या मोठ्या क्लबांच्या जोड्याही गर्दीसाठी दोनदा लागतात. म्हणजे आधी गल्ला बघायचा आणि मग उरलेल्या जागेत न्याय बसवायचा, असा तो क्रम आहे. आयपीएलमधे पण १० टीम झाल्यापासून १४ मॅचमधे ५ जणांशी दोनदा आणि ४ जणांशी एकदाच होतं, म्हणजे अशी विषमता आपल्याला नवीन नाही, फक्त तिथे कोणी त्यावर एवढा वाद घालत नाही.

६ मॅचने असा काय फरक पडतो?

लॅडरवर मधल्या भागात एका विजयाचं अंतर असतं, कधी तर विजय सारखेच आणि फक्त टक्केवारीवर (केलेले पॉइंट भागिले खाल्लेले पॉइंट) एक जण आत आणि एक बाहेर. अशा ठिकाणी एखाद्याला तळाच्या टीमशी दोनदा खेळायला मिळालं आणि दुसऱ्याला चॅम्पियनशी दोनदा, तर पुढचं सांगायला नको.

२०२० साल आठवा. कोविडमुळे क्लब हबमधे, म्हणजे घरापासून लांब एकत्र मुक्कामाला, राहिले, क्वार्टर छोटे केले, आणि प्रत्येक क्लब प्रत्येकाशी बरोब्बर एकदा खेळला, १७ मॅच. त्या वर्षी बाकी सगळं उलटंपालटं होतं, ग्रँड फायनलसुद्धा एमसीजी (मेलबर्नचं मोठं मैदान) सोडून ब्रिस्बेनच्या गाबावर झाली, पण कोण कोणाशी किती वेळा खेळला एवढ्यापुरतं बोलायचं तर एवढं सरळ फिक्स्चर १८ क्लब झाल्यापासून दुसरं झालेलं नाही. घरी बसून बघताना मला ते सारखं जाणवायचं.

पण फिक्स्चरचा आणि पैशाचा काय संबंध? मॅच ती मॅच.

मुख्य मुद्दा हाच आहे, त्यामुळे इथे जरा लांबेल.

मॅच ती मॅच नसते. शुक्रवारी रात्री एकच मॅच असते, सगळा देश तीच बघतो, फ्री चॅनलवर. ऑफिस सुटलं की लोक तसेच एमसीजीवर जातात. आता समजा तुम्ही स्पॉन्सर आहात, जर्सीच्या छातीवर तुमचं नाव येणार आहे, तर पहिला प्रश्न काय विचाराल? किती शुक्रवार रात्री आहेत. वर्षाला ७-८ म्हटलं तर एक भाव, एक किंवा दोन म्हटलं तर एकदम वेगळा भाव. शर्ट तोच, छाती तेवढीच.

आणि दुसऱ्या टोकाला रविवारी संध्याकाळी ४:४० ची मॅच. सुरू होते तेव्हा हिवाळ्यातलं ऊन कलायला लागलेलं असतं, संपते तेव्हा ७ वाजून गेलेले, सोमवारी शाळा, ट्रेन रविवारच्या वेळापत्रकाने. मी मुलीला घेऊन अशा मॅचला कितीदा गेलोय, परत येताना ती मांडीवर झोपलेली, आणि आजूबाजूचे डबे रिकामे कारण बाकीच्या आयांनी बापांनी विचार करून घरीच बसायचं ठरवलेलं. त्यांची काही चूक नाही. पण त्या रिकाम्या खुर्च्या मग क्लबच्या नावावर लिहिल्या जातात, की बघा यांना गर्दीच होत नाही, यांना मोठी वेळ कशी द्यायची. शिवाय सीझनच्या शेवटी शेवटी कुठली मॅच कुठल्या दिवशी हे काही आठवडे आधीपर्यंत जाहीरच नसतं, टीव्हीला चांगली मॅच निवडता यावी म्हणून, आणि बल्लारातहून किंवा अजून लांबून येणाऱ्या कुटुंबाने सुट्टी टाकायची कधी?

म्हणजे चक्र असं आहे. चांगली वेळ मिळत नाही म्हणून गर्दी नाही, गर्दी नाही म्हणून मेंबर कमी, मेंबर कमी म्हणून स्पॉन्सर स्वस्तात, स्पॉन्सर स्वस्तात म्हणून क्लब छोटा, आणि क्लब छोटा म्हणून परत चांगली वेळ नाही. इथे जन्मलेली पोरं शुक्रवारी टीव्हीवर जे दिसतात त्यांचीच होतात. आपल्यासारखे बाहेरून आलेले तर शंभर टक्के, ज्याला पहिल्यांदा बघितलं त्याचेच होतो. (मी बुलडॉग्जचा झालो कारण शेजारच्या काकांनी एक जास्तीचं तिकीट दिलं होतं, नाहीतर मी पण आज कॉलिंगवूडच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमधे असतो.)

आणि एक गोष्ट विसरू नका, शुक्रवार रात्रीची फुटी ही सवय लावली कोणी? नॉर्थ मेलबर्नने. १९८० च्या दशकात मॅच शनिवारी दुपारीच असायच्या तेव्हा नॉर्थने एमसीजीवर दिव्यात, शुक्रवारी खेळायचा धोका घेतला, १९८५ ला सुरुवात झाली, बरीच वर्षं ती वेळ म्हणजे नॉर्थ असंच समीकरण होतं. ती वेळ सोन्याची झाली आणि मग ती सगळ्यात जास्त मिळायला लागली मोठ्या क्लबांना. मी नॉर्थचा नाही, पण हे मला आजही मनापासून चुकीचं वाटतं.

अँझॅक डे सारख्या मोठ्या मॅच आळीपाळीने का नाही देत?

यावर बुलडॉग्जवाल्यांमधेच दोन गट आहेत. अँझॅक डेची (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस) कॉलिंगवूड-एसेंडन मॅच १९९५ पासून आहे, कल्पना एसेंडनचे तेव्हाचे कोच केव्हिन शीडी यांची, पहिल्याच वर्षी ९४,८२५ लोक आले आणि मॅच टाय झाली. त्या दोघांनी ती उभी केली, वाढवली, हे मान्यच करायला पाहिजे, उगाच हिसकावून घ्या असं मी म्हणणार नाही. पण २५ एप्रिल हा काही दोन क्लबांचा दिवस नाही, देशाचा दिवस आहे, आणि दरवर्षी ती कमाई त्याच दोन घरांत जाते. तसंच जूनमधल्या राजाच्या वाढदिवसाच्या सोमवारी मेलबर्न-कॉलिंगवूड, ईस्टर मंडेला हॉथॉर्न-जिलाँग, आणि २००५ पासून ड्रीमटाइमला (आदिवासी खेळाडूंच्या सन्मानाची मॅच) एसेंडन-रिचमंड. नावं बघा, फिरून फिरून तीच.

माझं म्हणणं इतकंच की मॅच राहू दे त्यांचीच, पण अशा मॅचच्या कमाईतला एक ठरलेला भाग कॉमन पेटीत जावा. आणि नवीन दिवस काढला तर तो छोट्यांना द्यावा. गुड फ्रायडेला कित्येक वर्षं फुटी नसायचीच, २०१७ ला पहिल्यांदा खेळले ते नॉर्थ आणि बुलडॉग्ज, आणि त्यासाठी नॉर्थवाले किती वर्षं मागे लागले होते! असं होऊ शकतं, फक्त कोणीतरी ठरवावं लागतं.

स्टेडियम डील म्हणजे काय असतं? २५ हजार लोक येऊन तोटा कसा होतो?

मला पण आधी खरं वाटलं नव्हतं. डॉकलँड्सचं छप्पर सरकणारं स्टेडियम (आता मार्व्हल म्हणतात, नावं बदलत असतात) २००० साली उघडलं, ते खासगी मालकीचं होतं आणि एएफएलने तिथे ठरावीक संख्येने मॅच द्यायचा करार केला होता. ते पूर्ण करायला कोणाला तिथे पाठवणार? बुलडॉग्ज, सेंट किल्डा, नॉर्थ हे तिथले भाडेकरू झाले, कार्लटन आणि एसेंडन पण होते पण त्यांच्या मोठ्या मॅच एमसीजीवर जायच्या. भाडं, सिक्युरिटी, सफाई, सगळं क्लबच्या हिशोबात, खाण्यापिण्याचा आणि जाहिरातींचा पैसा मात्र दुसरीकडे. त्यामुळे २०-२५ हजार लोक येऊनही होम मॅच संपली की क्लबच उलट स्टेडियमला चेक देतोय अशी वेळ यायची. घरचं लग्न, जेवणावळ आपली आणि आहेर हॉलवाल्याला.

जिलाँग बघा म्हणजे फरक कळतो. छोटं शहर, पण कार्डिनिया पार्कवर स्वतःचं बस्तान, तिथे २५ हजार आले की पैसा क्लबला उरतो. तेवढीच माणसं, तेवढ्याच खुर्च्या, पण एक क्लब उभा राहिला आणि दुसरा कर्जात.

डॉकलँड्स २०२५ ला अवघ्या ३० डॉलरला एएफएलच्या ताब्यात जाणार होतं असा मूळ करार होता. एएफएलने थांबायच्या ऐवजी २०१६ लाच मोठी रक्कम मोजून ते विकत घेतलं आणि मग भाडेकरूंच्या अटी सुधारल्या. आणि २०२० ला कोविडमधे सगळं बंद पडलं तेव्हा हेच स्टेडियम तारण ठेवून एएफएलने बँकांकडून ६० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाची सोय केली, त्यावर अख्खी लीग तगली, श्रीमंत क्लब पण. १६ वर्षं त्या स्टेडियमचं मीटर चालू ठेवलं त्यात या छोट्या भाडेकरूंचा घाम आहे, हे त्या वेळी फारसं कोणी बोललं नाही.

पण एएफएल छोट्या क्लबांना जास्त पैसे देते ना? म्हणजे मोठ्यांच्या जिवावरच जगतात की.

देते. टीव्हीचा पैसा मधे जमा होतो, २०२५ ते २०३१ च्या ७ वर्षांचा करार ४.५ अब्ज डॉलरचा आहे, त्यातून प्रत्येकाला एक वाटा आणि ज्यांची परिस्थिती कमजोर त्यांना वर जास्त. सेंट किल्डा, नॉर्थ, बुलडॉग्जना कॉलिंगवूडपेक्षा जास्त मिळतं हे खरंच आहे.

पण याला मदत म्हणणं मला पटत नाही. ४.५ अब्ज कशाला मिळतात? आठवड्याला ९ मॅच होतात म्हणून. त्या ९ मॅचमधे रविवारी ४:४० ला खेळणारा कोणीतरी लागतोच, नाहीतर टीव्हीला विकायला तेवढा मालच नाही. सगळ्यांच्या भल्यासाठी जो वाईट वेळेला खेळतो, वाईट स्टेडियम डील सांभाळतो, त्याला त्या बदल्यात दिलेला पैसा हे देणं झालं. घरात एका भावाने रस्त्यालगतचं शेत घेतलं आणि दुसऱ्याला माळरान दिलं, तर वर्षाला दिलेल्या चार पोत्यांना उपकार म्हणत नाहीत. आणि उपकार म्हणूनच दिलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, की एवढं देऊनही तुम्ही उभे राहत नाही तर मग दुसऱ्या शहरात जा किंवा कोणात तरी विलीन व्हा.

सॅलरी कॅप आणि ड्राफ्ट आहे, मग सगळे समानच झाले ना?

मैदानावर बऱ्यापैकी. सॅलरी कॅप (खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा) १९८० च्या दशकात आली, ड्राफ्ट १९८६ ला, तळाच्या क्लबला पोरं निवडायचा पहिला हक्क. हे नसतं तर आज चार-पाच क्लबच जिंकत बसले असते. बुलडॉग्ज २०१६ ला सातव्या नंबरवरून येऊन जिंकले, १९५४ नंतर पहिल्यांदा, ६२ वर्षांनी. त्या संध्याकाळी फुटस्क्रेच्या रस्त्यावर म्हातारी माणसं फुटपाथवर बसून रडत होती, मी स्वतः बघितलंय.

पण कॅपला एक खालची रेघ पण असते, प्रत्येक क्लबला कॅपच्या निदान ९५ टक्के पगार द्यावाच लागतो. म्हणजे खर्च जवळजवळ सगळ्यांचा सारखा आणि कमाई मात्र वेगवेगळी. आणि खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आली की श्रीमंत क्लब पैसा दुसरीकडे लावतात, कोच, डॉक्टर, स्काउट, उंचावरचे ट्रेनिंग कॅम्प. म्हणून २०१५ पासून त्या खर्चावर पण सॉफ्ट कॅप आली, ओलांडली की दंड. २०२० ला ती सुमारे ९७ लाख डॉलर होती, कोविडनंतर २०२१ ला ६२ लाखांवर आणली. त्याने दरी कमी झाली हे खरं, पण असिस्टंट कोच, ट्रेनर अशा साध्या पगारावरच्या कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तेही खरंच.

होम मॅच विकतात म्हणजे काय?

घरची मॅच दुसऱ्या गावात जाऊन खेळायची आणि तिथलं सरकार किंवा कौन्सिल पैसे देतं. हॉथॉर्न लाँसेस्टनला, नॉर्थ २०१२ पासून होबार्टला, बुलडॉग्ज २०१७ पासून बल्लारातला, मेलबर्न अ‍ॅलिस स्प्रिंग्सला, सेंट किल्डा तर २०१३ ते २०१५ अँझॅक डेला न्यूझीलंडमधे वेलिंग्टनला जाऊन खेळला. २०२५ ला नॉर्थने दोन होम मॅच वेस्टर्न ऑस्ट्रेलियात नेल्या, आणि समोरची टीम पण तिथलीच, म्हणजे होम मॅच कोणाची हा प्रश्नच. विकत कोण घेतंय बघा आणि विकायची वेळ कोणावर येतेय ते पण बघा. पैसा मिळतो पण मैदानावरचा घरचा फायदा जातो, आणि मेलबर्नमधल्या मेंबरला वर्षाला मॅच कमी. बल्लारातचं मला तितकं वाईट वाटत नाही, तासा-दीड तासावर आहे, तिथे आपली माणसं आहेत, थंडी मात्र हाडात शिरते.

एवढा त्रास आहे तर दोन क्लब एकत्र का करत नाहीत?

फिट्झरॉयचं काय झालं ते आधी बघा. १८९७ चा मूळ क्लब, ८ प्रीमियरशिप, १९६६ नंतर स्वतःचं मैदान गेलं आणि मग भाड्याच्या मैदानांवर भटकत राहिला. शेवटी कर्ज इतकं की नाउरू देशाच्या एका संस्थेचे पण पैसे द्यायचे होते. १९९६ ला नॉर्थशी एकत्र यायचं चाललं होतं, बाकीच्या क्लबांना ती टीम फारच तगडी होईल असं वाटलं, आणि फिट्झरॉय गेला ब्रिस्बेनमधे. शेवटची मॅच १ सप्टेंबर १९९६, ती पण घरापासून हजारो किलोमीटरवर, पर्थला. काही लोक ब्रिस्बेन लायन्सचे झाले, पण कितीतरी जणांनी फुटी बघणंच सोडलं. दोन क्लबांची बेरीज दोन कधीच होत नाही.

बुलडॉग्जचंही १९८९ ला जवळपास हेच झालं असतं. फिट्झरॉयशी विलीनीकरण जाहीर झालं होतं. आयरीन चॅटफील्ड नावाच्या एका साध्या सपोर्टर बाईंनी कोर्टात धाव घेतली, वकील पीटर गॉर्डन पुढे आले, थोडा वेळ मिळाला, आणि पश्चिमेकडच्या कामगार वस्त्यांमधे लोक डबे घेऊन दारोदार फिरले, काही आठवड्यांत दहा लाखांच्या वर डॉलर जमवले. तेच गॉर्डन २०१६ ला प्रेसिडेंट होते. १९९६ ला मेलबर्न-हॉथॉर्न पण मेंबरांच्या मतदानात अडलं, हॉथॉर्नच्या मेंबरांनी नाही म्हटलं, आणि त्यानंतर हॉथॉर्नने ४ प्रीमियरशिप घेतल्या. डिसेंबर २००७ ला नॉर्थला गोल्ड कोस्टला जायचं मोठं पॅकेज होतं, ते पण नाकारलं. हे तिन्ही निर्णय हिशोबाच्या कागदावर चुकीचे दिसत होते.

पोकीजचा पैसा?

व्हिक्टोरियातल्या बऱ्याच क्लबांनी वर्षानुवर्षं जुगाराच्या मशीनवर कमाई केली, आणि त्या मशीन ज्या भागात जास्त तिथली साधी घरं त्यात बुडतात. नॉर्थ २००८ लाच त्यातून बाहेर पडला, खिशात पैसे नसताना. पुढे मेलबर्न, कॉलिंगवूड, जिलाँग वगैरे पण निघाले, काही अजून आहेत. याच्यावर जास्त काय बोलायचं, क्लब जगवायला हा मार्ग नकोच.

पर्थवाले म्हणतात त्यांच्यावर पण अन्याय होतो, विमान प्रवासाचा. ते खरं का?

खरं आहे. वेस्ट कोस्ट आणि फ्रीमँटल जवळजवळ दर दुसऱ्या आठवड्याला चार तास उडतात, वर वेळेचा फरक, मेलबर्नचा खेळाडू मात्र कित्येक आठवडे स्वतःच्या पलंगावर झोपतो. पण ते क्लब पैशाने मजबूत आहेत, गर्दी भरपूर. अन्याय एकाच प्रकारचा नसतो, आणि त्यांचा खरा आहे म्हणून सेंट किल्डाचा खोटा ठरत नाही.

महिलांच्या लीगमधे काय?

एएफएलडब्ल्यूमधे तर अजून अवघड. २०२२ पासून १८ ही क्लबांच्या टीम आहेत पण सीझन छोटा, २०२४ ला ११ मॅच, २०२५ ला १२. म्हणजे १७ पैकी ५-६ क्लबांशी तुम्ही खेळतच नाही. २०२४ ला तर १० आठवड्यांत ११ मॅच बसवायला मधल्या वारी मॅच ठेवल्या, आणि यातल्या कितीतरी मुली सकाळी नोकरीवर जाणाऱ्या. १७ मॅच करा एवढीच मागणी आहे, सगळे सगळ्यांशी एकदा.

गावाकडच्या क्लबांना पण असंच आहे का?

तिथे तर जास्तच, कारण तिथे क्लब गेला की गावाची शनिवारची दुपार गेली, नेटबॉल गेलं, कँटीन गेलं, माणसं एकमेकांना भेटायचीच थांबतात. शेती यंत्रावर आली, घरं कमी झाली, पोरं शहरात, आणि शेजारच्या पैसेवाल्या क्लबने एखादा माजी एएफएल खेळाडू मॅचला हजारो डॉलर देऊन आणला की बाकीचे मार खातात. म्हणून व्हिक्टोरियात २०१६ पासून पॉइंट सिस्टीम आहे, बाहेरून आणलेल्या खेळाडूला जास्त पॉइंट, क्लबमधेच वाढलेल्याला कमी, आणि टीमची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या आत पाहिजे. २०१७ पासून पगारावर पण मर्यादा. पाकिटातून चोरून देणारे असतीलच, तरी नियम नसण्यापेक्षा बरं.

आणि बास सामुद्रधुनीतल्या किंग बेटावरची लीग माहितीये का? तीनच क्लब, करी, ग्रासी आणि नॉर्थ. दर आठवड्याला एक मॅच आणि एका क्लबला सुट्टी. फिक्स्चर एका कागदाच्या चिठ्ठीवर मावतं आणि कोणी म्हणू शकत नाही की त्याला जास्त वेळा मिळालं आणि मला कमी.

२०२८ ला टास्मानिया आली की काय होईल?

टास्मानिया डेव्हिल्सना मे २०२३ ला लायसन्स मिळालं, १९ वा क्लब. त्यांचा हक्क आहे, खूप उशीर झाला. पण १९ म्हणजे विषम, दर आठवड्याला कोणीतरी बसणार, आणि दोनदा कोणाशी खेळायचं ते गणित परत पहिल्यापासून. शिवाय हॉथॉर्न आणि नॉर्थ टास्मानियात खेळून जो पैसा मिळवायचे तो आटणार. नॉर्थने वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची वाट धरली ती यामुळेच.

तुमच्या हातात दिलं तर काय बदलाल?

पहिलं, तीन वर्षांचं चक्र. दरवर्षी ६ जण कोण यावर ओढाताण करण्यापेक्षा तीन वर्षांत प्रत्येक क्लब प्रत्येकाशी जवळपास सारख्या वेळा खेळेल असं आधीच छापून टाका, त्या त्या शहरातल्या डर्बी सोडून. मधे १७-५ ची कल्पना निघाली होती, १७ मॅच सगळ्यांशी आणि मग लॅडरचे तीन गट करून उरलेल्या ५, ती मला आवडली होती पण पुढे गेली नाही.

दुसरं, प्रत्येक क्लबला वर्षाला किमान ३ गुरुवार किंवा शुक्रवार रात्री, टीम कशीही खेळत असो. तळाच्या टीमच्या मॅच एकतर्फी होतात आणि टीव्हीचे प्रेक्षक घटतात ही भीती मला कळते, खोटी नाही ती, पण तीन वर्षं ज्या पोराने आपल्या टीमला रात्रीच्या दिव्यात बघितलंच नाही ते पोर आपलं राहत नाही. रविवारी ४:४० ची मॅच पण सगळ्यांना वाटून द्या, कॉलिंगवूडला पण.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक क्लबला मिळालेलं फिक्स्चर किती पैशाचं आहे हा आकडा दरवर्षी जाहीर करा. गर्दी, टीव्ही, स्पॉन्सर सगळं धरून. मग त्याच्या शेजारी त्या क्लबला मधल्या पेटीतून किती जास्तीचे मिळाले ते लिहा. दोन्ही आकडे एका ओळीत दिसले की कोण कोणाच्या जिवावर जगतंय हे विचारायची गरजच पडणार नाही.

मी नवीन आहे, छोटा क्लब निवडला तर काय करू शकतो?

मेंबरशिप घ्या. पूर्ण सीझनची परवडत नसेल तर बहुतेक क्लबांची तीन मॅचची असते, पोरांची तर अगदी स्वस्त. दारावर तिकीट काढण्यापेक्षा मेंबरशिपचा पैसा क्लबच्या जास्त उपयोगी पडतो कारण तो सीझनच्या आधी हातात येतो, आणि मेंबरांचा आकडा दाखवूनच ते स्पॉन्सरसमोर बसतात. मेंबर झालात की मतदानाचा कागद येतो का ते विचारा, कमी मॅचच्या काही प्रकारांत तो हक्क नसतो, आणि येत असेल तर तो टाकून देऊ नका. आणि रविवारी ४:४० च्या मॅचला या. पोरांसाठी जाड जॅकेट आणा, डब्यात पोळीचे रोल घ्या, बाहेरचं खाणं महाग पडतं, आणि फुटस्क्रेकडे परत जाणाऱ्या ट्रेनमधे जागा मिळतेच.